टेक्सासात नववीला क्रॉस कंट्री आणि डिबेट दोन्ही जमतं का? शनिवारांचं काय करता?

धावपळ_आई (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो, मुलगी या ऑगस्टमधे नववीत जाणार, म्हणजे हायस्कूल सुरू. मिडल स्कूलमधे क्रॉस कंट्री (मोकळ्या मैदानातून लांब पल्ल्याची शर्यत) धावायची, बऱ्यापैकी धावते, पहिल्या दहात वगैरे नाही पण मनापासून धावते. आता तिला डिबेटपण करायचंय. हे कुठून डोक्यात आलं विचारू नका, घरात बापलेकीची प्रॅक्टिस रोजच चालू असते.

तर प्रॉब्लेम असा की क्रॉस कंट्रीच्या मीट्स म्हणजे स्पर्धा शनिवारी सकाळी आणि डिबेटच्या टूर्नामेंटपण शुक्रवार-शनिवारीच असं ऐकलंय. शिवाय ती एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचा, ह्युमन जिऑग्राफी हा विषय घेतेय आणि इथे एका विषयात नापास झालं तर खेळता येत नाही असा काहीतरी नियम आहे म्हणतात, तो नक्की काय आहे? नवऱ्याचं म्हणणं एकच काहीतरी धर आणि नीट कर. आम्ही दोघं नाशिकचे, आमच्या वेळी वक्तृत्व म्हणजे १ ऑगस्टला टिळक पुण्यतिथीचं एक भाषण आणि खेळ म्हणजे डिसेंबरात गॅदरिंगच्या आधीचा क्रीडा सप्ताह, संपला विषय. इथे वर्षभर काय काय कधी असतं हेच कळत नाहीये, शाळेच्या वेबसाइटवर दोन्हीचे कॅलेंडर वेगवेगळे आणि अर्धवट. ज्यांच्या मुलांनी केलंय त्यांनी प्लीज सांगा.

---

केटीकर_बाबा

होतं ताई, दोन्ही होतं. आमच्या थोरल्याने चारही वर्षं केलं. फक्त वर्ष डोक्यात नीट बसवून घ्या, म्हणजे घाबरायला होणार नाही.

क्रॉस कंट्री शाळा उघडायच्या आधीच सुरू होते, ऑगस्टच्या सुरुवातीला, आणि टेक्सासातला ऑगस्ट म्हणजे सकाळी सहाला प्रॅक्टिस कारण नऊनंतर बाहेर उभंसुद्धा राहवत नाही. मग ऑगस्टअखेरपासून शनिवारच्या मीट्स, ऑक्टोबरच्या मध्याला डिस्ट्रिक्ट, त्याच महिन्याच्या शेवटी रीजनल आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात स्टेट, ती राउंड रॉकला ओल्ड सेटलर्स पार्कमधे होते, जमलं तर नुसतं बघायला तरी जा, फार मजा असते. पण मुद्दा हा की डिस्ट्रिक्टच्या पुढे फक्त व्हार्सिटी, म्हणजे शाळेची पहिली टीम, जाते आणि व्हार्सिटीत धावणारे सात. त्यातल्या पहिल्या पाचांचे नंबर मोजतात, बेरीज ज्यांची सर्वात कमी ती टीम जिंकते, म्हणजे एकाच शाळेच्या पाच मुली पहिल्या पाचात आल्या तर १५. नववीतली मुलगी मोठ्या शाळेत बहुधा जेव्हीमधे, म्हणजे दुसऱ्या टीममधे, धावणार, म्हणजे तिचा सीझन ऑक्टोबरच्या मध्याला खलास.

डिबेट सप्टेंबरमधे सुरू होतं पण नववीतली पोरं तेव्हा नॉव्हिस म्हणजे नवशिकी असतात, पहिला महिना-दीड महिना वर्गात केस (आपल्या बाजूची मांडणी) लिहायला आणि फ्लो करायला (दोन्ही बाजूंचे मुद्दे कागदावर टिपायला) शिकण्यातच जातो. खरा जोर नोव्हेंबरपासून पुढे. त्यामुळे फॉलमधे फार तर दोन-तीन शनिवार टक्कर होईल आणि ती ऑगस्टमधेच दोन्ही कोचना भेटून सोडवता येते. आम्ही तेच केलं, दोन्ही कॅलेंडर प्रिंट काढून फ्रिजवर लावले आणि लाल पेनने खुणा केल्या. कोच लोकांना आधी सांगितलेलं चालतं, शुक्रवारी रात्री ईमेल केलेली अजिबात चालत नाही.

आणि फिजिकलचा, म्हणजे डॉक्टरच्या तपासणीचा, फॉर्म आत्ताच भरून घ्या. जुलैत डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळत नाही आणि रँक वन नावाच्या साइटवर तो फॉर्म अपलोड झाल्याशिवाय पहिल्या दिवशी ग्राउंडवर उभं करत नाहीत.

---

जज_काका

केटीकरांनी वेळापत्रक छान सांगितलंय पण एक गोष्ट राहिली, डिबेटमधलं कुठलं डिबेट? कारण सगळी गोम त्यातच आहे.

साधारण चार प्रकार धरा. पॉलिसी म्हणजे सीएक्स, दोघांची जोडी आणि अख्ख्या वर्षाला एकच विषय, ढीगभर रिसर्च, पहिली भाषणं आठ-आठ मिनिटांची. लिंकन-डग्लस म्हणजे एलडी, एकास एक, मूल्यांवर, तत्त्वज्ञानाकडे झुकणारं. पब्लिक फोरम म्हणजे पीएफ, परत दोघांची जोडी, विषय महिन्या-दोन महिन्यांनी बदलतो, चार मिनिटांचं भाषण, मधे क्रॉसफायर म्हणजे एकमेकांना प्रश्न. आणि काँग्रेस, तिथे पोरं खासदारासारखी बिलावर बोलतात. नववीत बहुतेक सगळे पीएफ घेतात कारण सोपं वाटतं आणि मैत्रिणीबरोबर करता येतं.

पण तुमची मुलगी शनिवारी धावायला गेली तर पीएफमधे तिच्या पार्टनरचाही शनिवार गेला. ती बिचारी महिनाभर तयारी करून घरी बसणार आणि तिची आई तुम्हाला मंडळाच्या गणपतीत भेटणार. म्हणून धावणाऱ्या पोरांना मी नेहमी एलडी किंवा काँग्रेस सांगतो, गेलात तर गेलात, नाही गेलात तर कुणाचं नुकसान नाही. कोचपण याला सहसा हो म्हणतात.

दुसरं, जज. हे तुम्हाला कोणी सांगणार नाही. प्रत्येक शाळेला जितक्या एन्ट्री तितक्या हिशोबाने जज आणावे लागतात आणि ते जज म्हणजे तुम्ही आम्ही. नववीच्या पालकांना सप्टेंबरमधे गोड ईमेल येते की डिबेटचा काही अनुभव नसला तरी चालेल, आणि तिथून तुमचे शनिवार त्यांचे. माझं सगळं जजिंग असंच सुरू झालं. टॅबरूम नावाच्या साइटवर अकाउंट काढायचं, तिथे तुम्ही कसे जज आहात ते चार ओळीत लिहायचं, त्याला पॅराडाइम म्हणतात, मी लिहिलंय की मी पालक आहे, हळू बोला, जे कळलं नाही ते मी मोजणार नाही. तरीपण एखादा पोरगा असा सुसाट सुटतो की भटजींचे मंत्र परवडले. त्याला स्प्रेडिंग म्हणतात, नॅशनल सर्किटवर, म्हणजे देशभरच्या मोठ्या टूर्नामेंटमधे, चालतं, माझ्यासमोर नाही.

पण खरं सांगू, आवडतं. पीएफला राउंडच्या आधी नाणं उडवतात, जो जिंकेल तो बाजू निवडतो किंवा आधी बोलायचं का नंतर ते निवडतो. म्हणजे पोरांना दोन्ही बाजू तयार ठेवाव्या लागतात. सकाळी नऊला एक मुलगी एखाद्या गोष्टीच्या बाजूने जीव तोडून बोलते आणि साडेदहाला त्याच गोष्टीच्या विरोधात, तितक्याच तळमळीने. घरी हे सुरू झालं की त्रास होतो, आधीच सांगून ठेवतो.

---

स्पष्टच_बोलतो

मला तुमच्या मिस्टरांचं पटतंय. दोन्हीकडे जेव्ही राहून काय मिळणार? कॉलेजवाले चार वर्षं एका गोष्टीत वर चढलेलं बघतात. डिबेटमधे पुढे जायचं तर उन्हाळ्यात कॅम्प करावे लागतात, हजारो डॉलर जातात, मग मोठ्या टूर्नामेंटना विमानाने जायचं, हॉटेलं, टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्सला केंटकीला जायचं तर आधी बिड, म्हणजे त्यासाठीची पात्रता, मिळवायच्या. यात धावायला वेळ कुठाय? आणि धावण्यात ती पहिल्या दहात नाही असं तुम्हीच लिहिलंय, मग स्कॉलरशिपचा प्रश्नच नाही. सकाळी सहाला उठून दमून भागून आलेलं पोर रात्री अकराला केस लिहिणार आणि वर एपीचा अभ्यास. आपण आपल्या हौसेपायी पोरांना पिळतो हे माझं स्पष्ट मत आहे, राग मानू नका.

---

कॉलेजातली_चिमणी

हाय काकू, मी दोन्ही केलंय हायस्कूलमधे, आता ऑस्टिनला सेकंड इयरला आहे. माझी आई ही साइट वाचते, तिने लिंक पाठवली म्हणून लिहितेय, मराठी टाइप करायला वेळ लागतो सो चुका इग्नोर करा.

वरच्या काकांशी अजिबात सहमत नाही सॉरी. जेव्ही असण्यात काय वाईट आहे?? क्रॉस कंट्रीमधे बहुतेक शाळांत कुणाला काढत नाहीत, व्हॉलीबॉल बास्केटबॉलला ट्रायआउट असतात आणि नववीत अर्ध्या मुली रडत घरी जातात, इथे जो येईल तो धावतो. माझ्या सगळ्या जवळच्या मैत्रिणी त्या सहाच्या प्रॅक्टिसमधल्या आहेत. नवीन शाळेत तीन हजार पोरं असतात काकू, शाळा सुरू व्हायच्या आधीच तीस जणी ओळखीच्या असणं हे खूप मोठं आहे, पहिल्या दिवशी लंचला कुणाबरोबर बसायचं हा प्रश्नच सुटतो.

आणि सगळ्यांना नॅशनल सर्किट करायचं नसतं. आमच्या शाळेत बऱ्याच जणांनी कधी कॅम्प केला नाही, आम्ही फक्त लोकल टूर्नामेंट करायचो, यलो बसने जायचो, खर्च म्हणजे कॅफेटेरियातला पिझ्झा आणि एक ब्लेझर, तोपण थ्रिफ्ट स्टोअरमधून.

पण केटीकर काकांनी एक सांगितलं नाही. फॉल इझी आहे, स्प्रिंग अवघड आहे! क्रॉस कंट्रीचा कोचच सहसा ट्रॅकमधल्या लांब पल्ल्याच्या पोरांचा कोच असतो आणि तो धरून चालतो की तुम्ही फेब्रुवारीपासून ट्रॅकला १६०० आणि ३२०० मीटर धावणार. ट्रॅक एप्रिलपर्यंत चालतो, स्टेट मेमधे इथे ऑस्टिनलाच असते. आणि डिबेटचं सगळं महत्त्वाचं त्याच वेळी!! यूआयएलची (टेक्सासातल्या शाळांच्या स्पर्धा घेणारी संस्था) काँग्रेस स्टेट जानेवारीत, कॅपिटलमधे, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाच्या इमारतीत, सीएक्सची डिस्ट्रिक्ट जानेवारी-फेब्रुवारीत आणि स्टेट मार्चमधे, टीएफए (डिबेटची वेगळी राज्य संघटना) स्टेट मार्चमधे, मग एलडी वगैरेची यूआयएल स्प्रिंगमधे, आणि एपी एक्झाम मेमधे. मी दहावीत ट्रॅक सोडला आणि कोच थोडे दिवस नीट बोलत नव्हते, मग बोलायला लागले. जेव्हीच्या ट्रॅक मीट्स बऱ्याचदा वीकडेला असतात त्यामुळे नववीत जमून जातं, पुढे बघा.

अजून एक, डिबेट हा क्लास म्हणून घ्या, शाळेनंतरचा क्लब म्हणून नको. आणि क्रॉस कंट्रीपण अॅथलेटिक्सच्या पीरियडमधे असते, पीईचं क्रेडिट त्यातच मिळतं. म्हणजे दोन पीरियड यात जातात, मग इलेक्टिव्हला जागा उरत नाही, ऑर्केस्ट्रा असेल तर विचार करा. मी व्हायोलिन सोडलं. आई अजून बोलते त्यावरून.

आणि होमकमिंगच्या, म्हणजे शाळेच्या फॉलमधल्या मोठ्या समारंभाच्या, आठवड्यात काहीच ठेवू नका, तो मम नावाचा प्रकार बनवण्यात सगळं जातं, छातीवर लावायचं ते भलंमोठं खोटं फूल, घंट्या, रिबिनी, टेडी बेअर. बाबांना अजून वाटतं की मी चेष्टा करत होते.

---

गणिताची_बाई

मी ह्यूस्टनजवळ एका हायस्कूलमधे शिकवते म्हणून नापासाच्या नियमाचं सांगते, कारण त्यावर पालकांमधे फार अफवा असतात.

‘नो पास नो प्ले’ हा शाळेचा नियम नाही, राज्याचा कायदा आहे. १९८४ला आला, गव्हर्नर मार्क व्हाइट होते, आणि ज्या समितीने सुचवला तिचे अध्यक्ष रॉस पेरो, तेच जे पुढे प्रेसिडेंटच्या निवडणुकीला उभे राहिले. फुटबॉलवेड्या राज्यात असा कायदा म्हणजे किती आरडाओरडा झाला असेल बघा. सुरुवातीला नापास झालं की सहा आठवडे बंदी होती, नंतर ती तीन आठवड्यांवर आणली.

नववीत येणारं मूल आठवीतून वर ढकललं... म्हणजे वर गेलं की सुरुवातीला पात्रच असतं. पहिले सहा आठवडे झाले की ग्रेड बघतात. कुठल्याही विषयात ७०च्या खाली असेल तर सात दिवसांची सवलत आणि मग स्पर्धा बंद. प्रॅक्टिस करता येते, फक्त स्पर्धेत उतरता येत नाही. तीन आठवड्यांनी परत बघतात, सगळीकडे ७० असतील तर परत सुरू. हे खेळांनाच नाही, डिबेटच्या स्पर्धांनापण लागू आहे, म्हणजे एका विषयात घसरली तर दोन्ही बंद, हे लक्षात असू द्या. एपीसारख्या काही अवघड विषयांना सूट असते, कुठल्या विषयांना ते तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या यादीत बघा, काउन्सेलर लगेच दाखवेल. एपी ह्युमन जिऑग्राफीत नववीची पोरं पहिल्या टेस्टला आपटतात, दरवर्षीचं आहे, नंतर सावरतात.

पिळण्याबद्दल वर कोणी लिहिलंय त्यांच्यासाठी, यूआयएलचा आठ तासांचा नियमपण आहे. शाळेच्या आठवड्यात एका अॅक्टिव्हिटीला शाळेच्या वेळेबाहेर आठ तासांपेक्षा जास्त प्रॅक्टिस घेता येत नाही. अर्थात हा नियम प्रत्येक अॅक्टिव्हिटीला वेगळा आहे, दोन घेतल्या तर बेरीज तुम्हीच करायची, तिथे कायदा मधे पडत नाही. शनिवार तर त्यात धरलेलाच नाही.

जाता जाता, हेच यूआयएल जे आज शुक्रवार रात्रीच्या फुटबॉलमुळे सगळ्यांना माहितीये ते १९१०मधे ऑस्टिनच्या विद्यापीठाने सुरू केलं तेव्हा सुरुवात वादविवादाच्या लीगने झाली होती, खेळ मागून आले. आमच्या कोच लोकांना हे सांगितलं की त्यांना आवडत नाही.

---

स्पष्टच_बोलतो

@कॉलेजातली_चिमणी, ठीक आहे, तू केलंस, जमलं. पण तूच म्हणतेस ट्रॅक सोडला आणि व्हायोलिनपण सोडलं. म्हणजे माझंच म्हणणं ना, काहीतरी सोडावंच लागतं.

---

कॉलेजातली_चिमणी

हो काका पण मी सोडलं, आईबाबांनी आठवीतच ठरवून सोडवलं नाही, फरक आहे 🙂

---

तासगावचे_मास्तर

मी इकडे गावी शाळेत खेळाचा तास घेतो, सहज वाचत होतो. आमच्याकडे हेच सगळं पावसाळ्यात असतं. शाळा जूनला उघडली की लगेच क्रीडा कार्यालयाच्या बैठका, तालुका, मग जिल्हा, विभाग, राज्य, १४ वर्षाखालील, १७ आणि १९ असे गट, चिखलात कबड्डी आणि खो-खो. पालक दहावीच्या वर्षी अचानक विचारायला येतात कारण क्रीडा गुण मिळतात, जास्तीत जास्त २५, आणि आठवीत पोराला ग्राउंडवर पाठव म्हटलं की क्लास आहे म्हणतात. तुमच्याकडे नापास झाला तर खेळायचं नाही आणि आमच्याकडे खेळलं तर मार्क वाढतात, दोन्हीकडे धाक मार्कांचाच.

वादविवादाचं मात्र आवडलं मला. आमच्या वक्तृत्व स्पर्धेत भाषण बाईंनी लिहून दिलेलं असतं, पोरगं पाठ करतं, हातवारेसुद्धा ठरलेले, आणि मधेच विसरलं की स्टेजवर थिजून उभं राहतं. नाणं उडवून बाजू ठरवायची हे आमच्या शाळेत यंदा करून बघतो, मोबाइल हवा की नको यावर. पालकसभेत काय होईल ते कळवतो.

---

जज_काका

मास्तर, नक्की करा. एकच सांगतो, टाळ्यांवर निकाल ठरवू नका. दोन कागद घ्या, एका रंगाने एका बाजूचे मुद्दे, दुसऱ्या रंगाने समोरच्यांचं उत्तर, बाण काढत जा. ज्या मुद्द्याला उत्तरच आलं नाही तो ज्याचा त्याला. आम्ही यालाच फ्लो म्हणतो. निम्मी भांडणं तिथेच मिटतात कारण नंतर पोरं विचारतात मी का हरलो आणि तुम्ही कागद दाखवू शकता.

---

धावपळ_आई

बाप रे, एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. रात्री जेवताना अख्खा धागा मोठ्याने वाचून दाखवला. पार्टनरचा मुद्दा आमच्या डोक्यात आलाच नव्हता, आणि तिने ऑलरेडी एका मैत्रिणीला पीएफसाठी हो म्हणून ठेवलंय!! आता ती म्हणते मैत्रिणीला नाही कसं सांगू. नवरा आठ तासांच्या नियमावर खूश झाला आणि मग दोन अॅक्टिव्हिटी म्हणजे सोळा हे कळल्यावर गप्प झाला.

सध्याचा प्लॅन, फॉलमधे क्रॉस कंट्री आणि डिबेटचा क्लास, टूर्नामेंट ऑक्टोबरच्या मध्यानंतरच. ट्रॅकचं जानेवारीत बघू. चिमणी, तुला एक विचारायचं होतं, मीटच्या दिवशी धावून झालं की दुपारी टूर्नामेंटला सोडता येतं का, म्हणजे अर्धा दिवस? आणि स्पाइक्स आत्ताच घेऊ का, सेल लागलाय.

---

कॉलेजातली_चिमणी

अर्धा दिवस नाही चालत काकू, राउंड सकाळीच सुरू होतात, पहिले दोन चुकले की फॉरफिट आणि मग पुढे जायचा चान्सच जातो, कोचला पण उशिरा एन्ट्री काढून घेतल्याचा दंड बसतो बऱ्याच ठिकाणी. ज्या शनिवारी मीट त्या शनिवारी मीटच. मैत्रिणीला सांगा की फॉलमधे तिने दुसरा पार्टनर घ्यावा, नॉव्हिसमधे जोड्या सारख्या बदलतात, कुणी मनावर घेत नाही.

स्पाइक्स नको आत्ता. जेव्हीला साध्या शूजवर धावतात सगळ्या, आणि तिचा पाय अजून वाढत असेल. पैसे चांगल्या ट्रेनिंग शूजवर घाला, दुकानात नेऊन ट्राय करून, ऑनलाइन नको.

---

केटीकर_बाबा

आणि दोन जोड घ्या. ऑगस्टात सकाळी गवत ओलं असतं, एक जोड दुसऱ्या दिवशीपर्यंत वाळत नाही. गाडीत मात्र ठेवू नका, वास जात नाही.